लंगडणं थांबलं असेल तरीही कुत्र्याचा गुडघा तपासा

कुत्रा मागचा एक पाय उचलून तीन पायांवर चालतोय. किंवा झोपेतून उठल्यावर पहिली काही पावलं लंगडतो आणि मग सुटा होतो. किंवा मध्यंतरी लंगडत होता, आता आपोआप बरा झालाय. या तिन्हींपैकी काहीही तुमच्या घरात चालू असेल, तर त्याचा गुडघा याच आठवड्यात पशुवैद्यकाकडून तपासून घ्या. गणपती होऊन जाऊ देत, मुलांच्या परीक्षा संपू देत, पाऊस कमी होऊ दे, असं म्हणत दिवस काढू नका. तिसऱ्या प्रकारातल्या पालकांना तर माझी जास्तच कळकळीची विनंती आहे, कारण दवाखान्यात सगळ्यांत उशिरा पोचतात ते तेच.

मोठ्या चणीचा कुत्रा मागच्या पायाने लंगडतोय म्हटलं की आम्हा पशुवैद्यकांच्या मनात पहिला संशय येतो तो गुडघ्यातल्या लिगामेंटचा. घरच्यांच्या मनात येतं ते वेगळंच: पाय मुरगळला असेल, लचक भरली असेल, काटा गेला असेल. मग आंबेहळदीचा लेप होतो, कोमट तेलाची मालिश होते, कुणीतरी सुचवलेला हाडवैद्य पाय ओढून बघतो. काट्याची शंका रास्त आहे, पंजा जरूर बघा. पण पंजात काही सापडलं नाही तर तिथेच थांबू नका.

आधी गुडघा कुठे असतो ते पाहू, कारण पुष्कळ जण चुकीच्या सांध्याला शेक देत असतात. कुत्र्याच्या मागच्या पायात जो सांधा मागच्या बाजूला उलटा वाकलेला दिसतो, तो गुडघा नाही, तो घोटा. गुडघा त्याच्या बराच वर, पोटाच्या कडेला, मांडी संपते तिथे पुढच्या बाजूला असतो. केसाळ कुत्र्याचा तर तो दिसतही नाही. मांडीवरून पुढून हात खाली आणला की सुपारीएवढी वाटी बोटाला लागते आणि तिच्या खाली ताठ दोरीसारखा स्नायुबंध. निरोगी गुडघ्यात हा बंध दोन बोटांत स्पष्ट धरता येतो. आत पाणी झालेल्या गुडघ्यात त्याच्या कडा हरवतात आणि सगळं गुबगुबीत लागतं. दोन्ही पायांना एकाच वेळी हात लावून पाहिलं तर हा फरक नवख्यालाही कळतो.

या सांध्यात आत दोन लिगामेंट एकमेकांना छेद देऊन बसवलेली असतात. त्यांतलं पुढचं म्हणजे माणसात ज्याला आपण एसीएल म्हणतो, फुटबॉल आणि क्रिकेटपटूंच्या दुखापतींच्या बातम्यांत ज्याचं नाव येतं, ते. नडगीचं हाड मांडीच्या हाडाखालून पुढे सरकू नये हे त्याचं मुख्य काम. माणूस उभा राहतो तेव्हा त्याचा गुडघा सरळ असतो. कुत्रा उभा असतानाही त्याचा गुडघा वाकलेलाच असतो, आणि नडगीच्या हाडाचा माथा मागच्या बाजूला उतरता असतो. सरासरी 20 ते 25 अंशांचा हा उतार. त्यामुळे कुत्र्याने पाय टेकून भार दिला की नडगी दर पावलाला पुढे घसरायला बघते आणि ते एकटं लिगामेंट तिला दर पावलाला अडवून धरतं.

खेळाडूचं लिगामेंट बहुधा एका अपघातात तुटतं. कुत्र्याचं बहुतेक वेळा तसं तुटत नाही. विहिरीवरच्या जुन्या दोराचा एकेक पीळ सुटत जावा तसं ते महिनोन् महिने आतल्या आत झिजतं, आणि दोष मात्र शेवटच्या घागरीला लागतो. सोफ्यावरून उडी मारली, मांजरामागे धावला, जिन्यावर पाय सटकला ही ती शेवटची घागर. म्हणून ‘कालपर्यंत चांगला होता हो’ हे वाक्य खरं असूनही उपयोगाचं नसतं. आणि झिजण्याची ही प्रक्रिया एकाच पायात चालते असं नाही. एका गुडघ्याचं लिगामेंट गेलेल्या कुत्र्यांपैकी जवळपास निम्म्यांचं दुसऱ्या गुडघ्याचंही पुढच्या एक-दोन वर्षांत जातं. दोन्ही पाय गेलेला चाळीस किलोचा रॉटवायलर फरशीवरून उठायला धडपडतो तेव्हा घरातल्या दोन माणसांना पोटाखालून टॉवेल घालून त्याला उचलावं लागतं. तिथवर जायचं नसेल तर पहिल्या पायाचं वेळेवर बघा.

आता लंगडणं थांबतं त्याबद्दल, कारण सगळा घोळ तिथेच होतो.

फाटल्यानंतरचे पहिले काही दिवस सांध्यात सूज असते, पाणी साठतं, दुखतं. कुत्रा पाय टेकत नाही. मग सूज उतरते. शरीर सांध्याभोवतीचं आवरण जाड करायला लागतं आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला टणक उंचवटा तयार होतो. कुत्राही वजन बाकीच्या तीन पायांवर टाकायला शिकतो. दोन-चार आठवड्यांत तो पुन्हा पाय टेकून चालायला लागतो, घरात आनंदीआनंद होतो आणि डॉक्टरची अपॉइंटमेंट रद्द होते. आत मात्र नडगी दर पावलाला पुढे-मागे सरकतच असते. तिच्यावर मेनिस्कस नावाच्या कुर्चेच्या दोन गाद्या असतात. त्यांतली आतल्या बाजूची गादी या सरकण्यात चिरडली जाते, दुमडते, फाटते. कुत्रा चालताना कधीकधी गुडघ्यातून ‘कट’ असा आवाज ऐकू येतो तो बऱ्याचदा तिचाच. फाटलेली गादी शिवून पूर्ववत होईल अशी आशा कुत्र्यात फारशी नसते, खराब भाग काढूनच टाकावा लागतो. शिवाय काही आठवड्यांतच एक्स-रेवर संधिवाताची हाडाची टोकं दिसायला लागतात, आणि ती कुठल्याही ऑपरेशनने परत जात नाहीत. थोडक्यात, ज्या काळात कुत्रा बरा दिसतो त्याच काळात गुडघ्याचं सगळ्यांत जास्त नुकसान होत असतं.

रतन टाटांनी आपल्या एका कुत्र्याला सांधा बदलण्यासाठी थेट अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात नेलं होतं. तिथे पोचायला उशीर झाला होता. सांधा बदलता आला नाही, तो एका स्थितीत कायमचा जखडून टाकावा लागला. हे त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. 2024 मध्ये मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय सुरू झालं, त्यामागे हा अनुभव होता. तो सांधा कुठला, आजार कुठला, हा तपशील इथे गौण आहे. पैसा, ओळखी आणि जगातलं उत्तम विद्यापीठ हाताशी असूनही गेलेली वेळ परत आणता आली नाही, एवढंच मला दाखवायचंय.

घरी काय बघाल? कुत्र्याला ‘बस’ म्हणा आणि मागे उभे राहा. निरोगी कुत्रा दोन्ही गुडघे दुमडून, टाचा ढुंगणाखाली घेऊन चौरस बसतो. गुडघा दुखणारा कुत्रा तो पाय पूर्ण दुमडत नाही, बाजूला पसरून, एका कुशीवर कलून बसतो. पुष्कळांना ती बसण्याची आळशी, गोंडस तऱ्हा वाटते, आणि मोबाईलमध्ये तसे डझनभर फोटोही असतात. उभा असताना बघा: एका पायाची फक्त बोटं टेकलेली आहेत का? दोन्ही मांड्यांना हाताचा विळखा घालून बघा: एक बारीक झाली आहे का? मांडी काही आठवड्यांत बारीक होते आणि ती खोटं बोलत नाही. मात्र गुडघा वाकवून, ओढून, दाबून बघू नका. तुमचा कितीही लाडका असला तरी दुखऱ्या जागी हात गेला की कुत्रा चावतो, त्यात त्याचा दोष नाही.

पॉमेरेनियन किंवा तत्सम छोट्या कुत्र्याचं थोडं निराळं. तो पळताना दोन पावलं पाय उचलतो, झटकतो आणि पुन्हा टेकवतो. बहुधा ती गुडघ्याची वाटी जागेवरून सरकत असते. तपासणी त्यालाही हवीच, कारण सरकती वाटी असलेल्या गुडघ्यात पुढे लिगामेंटही जाऊ शकतं.

आता औषधाबद्दल, आणि इथे मी आवाज चढवून बोलणार आहे. तुमच्या घरातल्या औषधांच्या डब्यातली एकही वेदनाशामक गोळी कुत्र्याला देऊ नका. अर्धी नाही, पाव नाही, पेढ्यात घालून नाही, ‘गेल्या वेळी दिली होती, काही झालं नाही’ म्हणून तर मुळीच नाही. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. डायक्लोफिनॅकचंही तेच. पॅरासिटामॉल यकृतावर आणि रक्तातल्या तांबड्या पेशींवर घाव घालतं. अंगदुखीवरच्या ज्या गोळीत आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही असतात ती तर दुहेरी विष. अशी गोळी पोटात गेली असेल आणि कुत्रा उलट्या करतोय, जेवण टाकलंय, शी डांबरासारखी काळी होतेय, तर गुडघ्याचं राहू द्या, लगेच दवाखाना गाठा आणि कुठली गोळी, किती, कधी दिली हे न लाजता सांगा. डॉक्टर तुमच्यावर रागावण्यापेक्षा सलाईन लावण्यात गुंतलेले असतील. (जाता जाता: जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर भारतात 2006 मध्येच बंदी आली, ती गिधाडं वाचवण्यासाठी. केटोप्रोफेन आणि ॲसेक्लोफिनॅकवर 2023 मध्ये आली. औषधाच्या दुकानात माणसांच्या नावावर ती सगळी अजून मिळतात, तेव्हा केमिस्टने दिलं म्हणजे चालतं असं समजू नका.)

कुत्र्यांसाठीची वेदनाशामकं आहेत, चांगली आहेत, पण ती वजन मोजून, रक्ततपासणी बघून द्यायची असतात. त्यांच्यासोबत स्टेरॉइडचं इंजेक्शन पडलं तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना आधीची सगळी कागदपत्रं न्या. आणि दुखणं दबलं की कुत्र्याला वाटतं आपण बरे झालो. तो धावतो, आणि अर्धं उरलेलं लिगामेंट त्याच दिवशी पूर्ण तुटतं. गोळी चालू असताना पट्टा जास्त घट्ट धरायचा असतो.

माझ्या व्यवसायबंधूंनाही दोन शब्द. आपल्याकडे गोचीडताप इतका पसरलेला आहे की लंगडणारा कुत्रा आला की त्याचा कोर्स सुरू करायची सवय हाताला लागली आहे. गोचीडतापाने सांधे दुखतात हे खरं, पण म्हणून गुडघ्याला हात न लावता कुत्रा घरी पाठवू नका. मांडीचं हाड एका हाताने धरून दुसऱ्याने नडगी पुढे सरकते का ते पाहायला दोन मिनिटं लागतात. जागा असलेला, घाबरलेला, स्नायू ताठ केलेला पन्नास पौंडांचा लॅब्राडॉर ही चाचणी करू देत नाही, तेव्हा गुंगी देऊन करा. अर्धवट फाटलेल्या लिगामेंटमध्ये नडगी सरकणारही नाही, फक्त पाय मागे पूर्ण सरळ केला की कुत्रा कळवळतो. तेवढ्यावरूनही संशय नोंदवा. एक्स-रेवर लिगामेंट दिसत नाही हे पालकांना समजावून सांगा. एक्स-रे सांध्यातलं पाणी आणि संधिवात दाखवतो, शिवाय मोठ्या वयाच्या, मोठ्या कुत्र्यात गुडघ्याजवळ हाडाचा कर्करोग नाही ना हेही दाखवतो. म्हणून तो काढायचाच.

उपचाराबद्दल पालकांचा पहिला प्रश्न असतो, ऑपरेशनशिवाय भागेल का. वजन किती यावर उत्तर अवलंबून आहे. 1984 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नुसती विश्रांती देऊन पाहिलेल्या कुत्र्यांपैकी 15 किलोपर्यंतच्यांत सुमारे 86 टक्के सुधारले किंवा बरे झाले. त्याहून जड कुत्र्यांत हाच आकडा 20 टक्क्यांच्याही आत होता. म्हणजे तुमचा डॅशहुंड काही आठवडे पट्ट्यावर आणि पिंजऱ्यात काढून बरा होऊ शकतो, लॅब्राडॉरच्या बाबतीत ती वाट सहसा फसते. गुडघ्याला बांधायचे पट्टे विकायला असतात, पण ऑपरेशनऐवजी ते पुरे पडतात याला पुरावा तोकडा आहे.

ऑपरेशनचे मुख्य दोन मार्ग. पहिल्यात सांध्याच्या बाहेरून जाड नायलॉनचा दोर बांधून नडगीला थोपवतात. लहान आणि मध्यम कुत्र्यांत तो चांगला चालतो. दुसऱ्यात लिगामेंटच्या भानगडीत न पडता उतारच काढून टाकतात: नडगीचा माथा अर्धगोल करवतीने कापून, फिरवून, उतार 5 अंशांच्या आसपास आणून प्लेट आणि स्क्रूने बसवतात. अमेरिकेतले पशुशल्यविशारद बार्कले स्लोकम यांनी ही पद्धत 1993 मध्ये मांडली. तिचं नाव टीपीएलओ. मोठ्या, धावऱ्या कुत्र्यांत आज जगभर ती सर्वाधिक भरवशाची मानली जाते. हे ऑपरेशन प्रत्येक दवाखान्यात होत नाही, आणि ‘करू की आपण’ म्हणणाऱ्याला ‘आधी किती केलीत’ असं विचारण्यात काही गैर नाही. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, शिरवळ आणि नागपूरची महाविद्यालयं, मोठ्या शहरांतली खासगी रुग्णालयं, सगळीकडे फोन करून सोय आणि खर्च दोन्ही विचारा. खर्च लहान नसतो. तो आधी कळला तर जुळवाजुळव होते. खर्च झेपणार नसेल तर तसंही डॉक्टरांना सरळ सांगा. वजन उतरवणं, योग्य औषध आणि व्यायाम यांनी कुत्र्याचं दुखणं बरंच सुसह्य करता येतं, मात्र त्याचाही आराखडा डॉक्टरांनीच द्यायला हवा.

कापलेलं हाड जुळायला आठ ते बारा आठवडे लागतात. त्या काळात उड्या, जिने, धावणं, दुसऱ्या कुत्र्याशी मस्ती बंद. आणि इथे मला गृहनिर्माण सोसायट्यांच्या समित्यांशी बोलायचंय. पायात प्लेट बसवलेला कुत्रा चौथ्या मजल्यावर जिन्याने चढवायला लावणारे सेक्रेटरी या राज्यात आहेत. ‘लिफ्टमध्ये पाळीव प्राण्यांना मनाई’ ही पाटी लावण्याचा अधिकार तुम्हाला नाही, हे भारतीय पशुकल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत नमूद आहे. कुणाला कुत्र्याची भीती वाटत असेल तर वेळ वाटून घ्या, लिफ्टमध्ये कुत्रा असताना पुढची फेरी घ्या. पण जिना नको. पालकांनी डॉक्टरांची चिठ्ठी समितीला लेखी द्यावी, भांडण त्यानंतर करावं.

घरातली फरशी बघा. व्हिट्रिफाइड टाइल्सवर कुत्र्याचे मागचे पाय दर वळणाला फाकतात. जेवणाच्या भांड्यापासून दरवाजापर्यंत आणि सोफ्यासमोर जुनी सतरंजी, रबराची पायपुसणी, योगा मॅट, जे घसरत नाही ते पसरा. बेल वाजल्यावर तो जिथून धावतो ती वाट आधी झाका. पंजांतले वाढलेले केस आणि नखं कापा. दिवाळीत फटाक्यांनी बिथरून कुत्रे याच फरशीवर सैरावैरा पळतात, म्हणून ही तयारी वसुबारसेच्या आधी व्हायला हवी.

वजनाचं मात्र सतरंजीने भागत नाही. बरगड्या हलक्या हाताला लागल्या पाहिजेत, वरून पाहिलं तर कंबर दिसली पाहिजे. आपल्या शहरांतले बहुतेक लॅब्राडॉर वरून पाहिले तर पिंपासारखे दिसतात, आणि लोक त्याला ‘हेल्दी’ म्हणतात. लॅब्राडॉरची भूक निम्मी तरी नाटकी असते असं मी समजत असे, पण 2016 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की सुमारे चौथ्या हिश्श्याच्या लॅब्राडॉरमध्ये पोट भरल्याची जाणीवच बोथट करणारा जनुकीय बदल असतो. तेव्हा त्याच्या डोळ्यांत बघून वाढू नका, वाटी मोजून वाढा. आजोबांच्या चहाबरोबरचं बिस्किट, पोळीचा शेवटचा तुकडा, दुधाची साय हे सगळं त्या वाटीतच धरायचं. अमेरिकेत 48 लॅब्राडॉरवर त्यांच्या जन्मभर केलेला एक अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. जोडीतल्या एका पिल्लाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खायला दिलं. कमी खाणाऱ्यांचं आयुष्य सुमारे 1.8 वर्षांनी वाढलं आणि संधिवातही उशिरा आला. कुठल्याही टॉनिकच्या बाटलीवर एवढा खात्रीचा दावा तुम्हाला वाचायला मिळणार नाही.

नवीन पिल्लू घेणाऱ्यांनी आई-बापाच्या गुडघ्यांची चौकशी करावी. 2017 च्या नियमांप्रमाणे कुत्र्यांचं प्रजनन करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी बंधनकारक आहे, ती दाखवायला सांगा. लिगामेंट गेलेल्या कुत्र्याची पिल्लं काढू नका, तो कितीही ‘शोमधला’ असो. गोल्डन आणि लॅब्राडॉरच्या नसबंदीचं वय डॉक्टरांशी बोलून ठरवा, कारण गोल्डनमध्ये वर्षाच्या आत केलेल्या नसबंदीनंतर ही इजा जास्त आढळल्याचं 2013 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी नोंदवलंय. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीला हा मुद्दा कुणी लावू नये, तिथलं गणित पूर्ण वेगळं आहे. रस्त्यावरचा कुत्रा पाय उचलून चालताना दिसला तर बहुतेकदा वाहनाचा धक्का असतो, फ्रॅक्चर किंवा खुबा निखळलेला असू शकतो. स्वतः पकडायला जाऊ नका, जवळच्या प्राणीसंस्थेला जागा आणि वेळ सांगून बोलवा.

तपासणीला जाण्याआधी एक काम आजच करा. दवाखान्यात पोचल्यावर भीतीने आणि उत्साहाने कुत्रे लंगडायचं विसरतात. म्हणून घरी, तो झोपून उठल्याबरोबर, मोबाईलवर तीन छोटे व्हिडिओ काढा: मागून, बाजूने आणि बसताना. जमलं तर स्लो मोशनमध्ये. फोन करून वेळ घेताना ‘पाय दुखतोय’ एवढंच सांगू नका, ‘मागच्या पायाचा गुडघा तपासायचाय, गुंगी द्यावी लागली तर?’ असं विचारा. बहुधा सकाळचं जेवण न देता आणायला सांगतील. तोवर त्याला पट्ट्यावरच बाहेर न्या, तेही शी-शूपुरतं, आणि गाडीत चढवताना उडी मारू न देता मागून उचलून घ्या.